मधलं नाव

"उद्या तुम्ही मला ओळख दाखवू नगासा," रेणुका म्हणाली.

मी दारात बसून बूट काढत होतो. बूट, जाकीट, जाडी विजार सगळं बाहेरच्या छोट्या खोलीत खुंटीला टांगायचं आणि मगच घरात पाय टाकायचा, असा माझ्या बायकोचा, शोभाचा, नियम होता. तीसेक कुत्र्यांचा वास अंगावर घेऊन घरी येणाऱ्या माणसाला तक्रारीची सोय नसते.

"म्हणजे?" मी विचारलं.

"माझा वर्ग येणाराय ना तिकडं. तर तुम्ही माझे बाबा आहासा असं कुणाला सांगायचं नाही. मी पण सांगणार नाही."

दहा वर्षांची पोर. आमटीत मीठ जास्त पडलंय असं सांगावं, इतक्या शांतपणे सांगत होती. मी हसलो. मला ती सवयच होती. काहीही अंगावर आलं की मी आधी हसायचो आणि मग काय आलंय ते बघायचो. हसत हसतच "बरं बाई, नाही सांगत" म्हणालो. ती माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिली आणि आत निघून गेली.

जेवायला बसलो तेव्हा कुणाचं लक्ष नाही असं पाहून मी हात नाकाशी नेला. साबणाने दोनदा धुतला होता. तरी वास होताच.

हे सगळं कॅनडाच्या पार उत्तरेला, युकॉनमधल्या एका गावात. गडहिंग्लजकडचा माणूस तिथे गेला तो हॉटेलात स्वयंपाकी म्हणून. हॉटेल बंद पडलं आणि मी रस्त्यावर आलो, तेव्हा एडिथबाई नावाच्या सत्तरीच्या बाईंनी मला ठेवून घेतलं. त्यांच्याकडे बर्फावरून स्लेज ओढणारी कुत्री होती आणि त्यांना रोज हंडाभर मांस, चरबी आणि भात शिजवून घालायला कुणीतरी हवं होतं. पुढे बाईंच्या लक्षात आलं की मी बोललेलं कुत्री ऐकतात. मी काही वेगळं करत नव्हतो. आमचे आबा बैलांना हाकायचे तसा मी कुत्र्यांना हाकत होतो. निघायला 'हैक', थांबायला 'होऽऽ'. एका वेताची पिल्लं तर सगळी मीच तयार केली, त्यांना इंग्रजी कळायचंच नाही. त्यांची नावंही मीच ठेवली. त्यातली शेवंता सगळ्यांच्या पुढे धावायची, आणि मागे, अगदी स्लेजला लागून, जड ओढायला सर्जा आणि राजा. त्या जागेला बाकीचे काय म्हणायचे ते म्हणोत, मी तिला गोठाच म्हणायचो.

मला मात्र सगळे 'बेअर' म्हणायचे. भैरू हे नाव त्यांच्या तोंडात बसेना. हॉटेलात असताना एकाने भैरूचं बेअर केलं, म्हणजे अस्वल, आणि सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून माझं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं.

आधी रेणुका दर रविवारी माझ्याबरोबर गोठ्यावर यायची. शेण काढायलासुद्धा मागे नसायची; कुत्र्यांच्या त्या घाणीला आम्ही दोघं शेणच म्हणायचो. मग दिवाळीच्या आसपास तिने येणं बंद केलं. अभ्यास आहे म्हणाली. मला वाटलं, पोरगी मोठी झाली.

वर्गाची सहल एडिथबाईंनी फोनवर ठरवली होती. वर्गाच्या बाई, मिस लॉसन, नाताळनंतर आलेल्या. शाळेत शोभाच जायची, त्यामुळे बाईंनी आणि मुलांनी तिलाच पाहिलं होतं, मला नाही. त्यांच्या दृष्टीने मी एडिथबाईंचा बेअर, आणि तो मुलांना कुत्र्यांच्या गाडीची ओळख करून देणार होता.

सकाळी बस आली. लाल टोपी घातलेली रेणुका घोळक्याच्या मधोमध चालत होती आणि माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होती. माझं मी सांभाळलं असतं, पण शेवंताला कोण सांगणार? तिने ती टोपी पाहिली आणि साखळी ताणून मागच्या दोन पायांवर उभी राहून रडायला लागली. इतक्या महिन्यांनी भेट होत होती.

"ही तुला ओळखते का?" एका मुलीने विचारलं. मॅडी तिचं नाव.

"नाही," रेणुका म्हणाली आणि पुढे गेली.

शेवंता बराच वेळ कुंईकुंई करत राहिली. ही सगळ्यांनाच असं करते, असं मी मुलांना सांगितलं.

मिस लॉसन मोठ्या उत्साहाच्या बाई होत्या. मी भारतातला म्हटल्यावर त्या म्हणाल्या की त्यांच्या वर्गातली रेनीही भारतातलीच, आणि तिला खांद्याला धरून त्यांनी माझ्यापुढे आणून उभं केलं. रेणुकाची तिथे रेनी झाली होती, हेही मला तेव्हाच कळलं. मी हातमोजा काढला, हात जाकिटाला पुसला आणि भेटून आनंद झाला असं इंग्रजीत म्हणालो. तिने बोटांची टोकं माझ्या हातात दिली. बोटं गार पडली होती. पोरगी हातमोजे विसरून आली होती. एरवी मी चारचौघांत ओरडलो असतो. तिथे मी कुठल्या नात्याने ओरडणार?

पण बाकी मुलं मोठी गोड होती. मी त्यांना हंडा दाखवला, कुत्र्यांच्या पायांत घालायचे इवलेसे मोजे दाखवले, शेवंताला पट्टे कसे चढवायचे ते दाखवलं. एक मुलगा तर हंड्यातला भात खाऊन बघतो म्हणाला. मी रंगात आलो. कुणी माझं बोलणं ऐकत बसलंय, असं माझ्या आयुष्यात फारसं घडलेलं नाही. तेवढ्यात कुणीतरी कुत्र्यांची नावं विचारली.

मी म्हणालो, आमच्याकडे नुसतं एक नाव चालत नाही. आधी स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव. मास्तरांनी उभं केलं की टाचा जुळवून तिन्ही सांगायची. मधलं गाळलं तर मास्तर विचारायचे, आभाळातून पडलास काय? म्हणून ही नुसती शेवंता नाही. हिच्या बापाचं नाव रस्टी, घर एडिथबाईंचं. ही शेवंता रस्टी एडिथ.

मुलं खूश झाली. ओवेन नावाचा मुलगा उठला, टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "ओवेन ग्रेग टॅनर." मी टाळ्या वाजवल्या. लगेच शेजारची उठली. एकाला बाप नव्हता, त्याने मधे आईचं नाव घातलं, आणि मी म्हणालो, तेही उत्तम चालतं. ओळीने एकेक उठत होतं, नाव सांगत होतं आणि मी टाळ्या वाजवत होतो. पाळी कुणाच्या दिशेने सरकतेय, हे माझ्या टाळक्यात उशिरा शिरलं.

"चला, कुत्री खोळंबली," मी म्हणालो.

"दोघीच राहिल्यात," मिस लॉसन म्हणाल्या. "त्यांनाही सांगू द्या."

रेणुका उठली. टाचा जुळवल्या, मान वर केली. हे उभं राहणं तिला मीच शिकवलं होतं, ती चार वर्षांची असताना, स्वयंपाकघरात.

"रेणुका सुरेश गावडे," ती म्हणाली.

सुरेश म्हणजे शोभाचा भाऊ. पुण्याला बँकेत अधिकारी आहे. रेणुकाने त्याला एकदाच पाहिलंय, पण टाय लावलेला त्याचा फोटो आमच्या फ्रिजवर असतो.

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना वाजवल्या होत्या, तिला न वाजवून कसं चालेल? पण टाळ्या वाजवणारे ते हात बघून मला जी लाज वाटली, ती आजही सांगता येत नाही. नखांत चरबी, बोटांना भेगा. माझ्या मुलीला बाप निवडायची संधी मिळाली होती आणि तिने दुसरा निवडला होता, आणि त्या खेळाचे नियम मीच सांगितले होते.

मग स्लेजवरच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका वेळी दोन मुलं पुढे घोंगडीत बसायची आणि मी मागे उभा. रेणुका प्रत्येक वेळी मागे मागे सरकत राहिली आणि शेवटच्या फेरीला ती आणि मॅडी उरल्या.

कुत्री निघेपर्यंत कानठळ्या बसवतात, आणि एकदा 'हैक' म्हटलं की चिडीचूप होतात. मग फक्त बर्फाचा आवाज. त्या शांततेत कुणी पुटपुटलं तरी मागच्याला ऐकू येतं. आणि धावणारी कुत्री थांबून कार्यक्रम उरकत नाहीत. धावता धावताच उरकतात, आणि त्याचा पहिला मान पुढे बसलेल्यांना मिळतो. सर्जाने तेच केलं.

"ई, हा वास कुत्र्यांचा की त्याचा?" मॅडी म्हणाली. "तुझ्या जाकिटाला यायचा तो हाच वास, रेनी. मी म्हणत नव्हते?"

रविवार का बंद झाले ते मला तेव्हा कळलं. मॅडी मान वळवून थेट मलाच म्हणाली, "बेअर, तुमची बायको तुम्हाला घरात घेते का हो?"

पोरगी वाईट नव्हती. त्या वयात तोंडाला आलं की बोलून मोकळं होतात. आणि मी काय केलं, तर हसलो. चांगला खो खो हसलो आणि म्हणालो, "छे, अस्वलाला घरात कोण घेतं? मी बाहेरच झोपतो." मॅडीही खिदळली. लाल टोपी हलली नाही.

मी त्या टोपीकडेच बघत होतो. तिथे चुकलं, कारण हाकणाऱ्याने कुत्र्यांकडे बघायचं असतं. पुढे उताराचं वळण होतं. उतारावर दोर सैल पडतो, आणि राजाचा मागचा पाय त्या दोरात गेला. तो तीन पायांवर उड्या मारत, फरफटत धावत होता आणि मी टोपीकडे बघत होतो.

"होऽऽऽ!"

ओरडली रेणुका, पण आवाज आबांचा होता. तोच खर्ज, तीच लांबण. आबा गेले तेव्हा रेणुकाचा जन्मही झाला नव्हता. सगळी कुत्री जागच्या जागी थांबली. मी ब्रेकवर पाय देतोय तोवर रेणुका घोंगडी फेकून उतरली होती आणि कमरेएवढ्या बर्फातून शेवंताकडे निघाली होती.

"बाबा, आकडा रोवा!" ती ओरडली. "राजाचा पाय अडकलाय. तुम्ही सोडवा, मी शेवंताला धरते."

मी लोखंडी आकडा बर्फात रोवला. पुढच्या कुत्रीला कुणी ताणून धरलं नाही तर सगळी उलटी फिरतात आणि दोराचा गुंता होतो, पाय मोडतात. तिने उघड्या हातांनी शेवंताचा पट्टा धरला आणि पाय रोवून उभी राहिली. मी राजाचा पाय सोडवला. कातडं सोलवटलं होतं, हाड शाबूत होतं. मग मी पुढे तिच्याकडे गेलो. शेवंता तिचं सगळं तोंड चाटून काढत होती.

"लागलं त्याला?" तिने विचारलं.

"खरचटलंय. होईल बरं." आणि मग मी म्हणालो, "तुझं गुपित फुटलं की गं," आणि हसलो.

"हसू नगासा."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुम्हाला वाटतंय मला वासाची लाज वाटते," ती म्हणाली. "वासाचं काय नाही. मी पहिल्यांदा सगळ्यांना सांगणारच होते, माझे बाबा स्लेज हाकतात म्हणून. पण मग तुम्ही भेटला की वर्गातल्या पोरी तुम्हाला कायतरी बोलणार, आणि तुम्ही हसणार. मला माहीत होतं. आणि तस्संच झालं. त्या तुम्हाला बोलत्यात आणि तुम्ही त्यांच्यासंगं हसतासा. मला त्याची लाज वाटते."

हसू अजून माझ्या तोंडावरच होतं. त्याचं काय करावं ते मला समजेना. भैरूचं अस्वल झालं त्या दिवसापासून मी समजत होतो की मी सगळं हसण्यावारी नेतो, मोठ्या मनाचा आहे. एवढी वर्षं घरातलं एक लहान माणूस ते हसणं बघत होतं आणि खाली मान घालत होतं, याचा मला पत्ताच नव्हता.

स्लेजमधून मॅडीने हाक मारली. "रेनी, तू त्यांना काय म्हणालीस? बाबा? म्हणजे वडील ना? पण तू तर सुरेश म्हणाली होतीस."

रेणुकाने मॅडीकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. आमच्या देशात सगळ्याच मोठ्या माणसांना बाबा म्हणतात, असं एक वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. ते हसून म्हटलं असतं की मॅडीही हसली असती आणि सगळं झाकलं गेलं असतं. मी ते गिळलं. दुसरं काही बोलायची मात्र हिंमत झाली नाही. मी मागे जाऊन उभा राहिलो, ती घोंगडीत येऊन बसली, आणि मी 'हैक' म्हणालो. गोठा दिसायला लागल्यावर मॅडीने हळूच विचारलं, राजाचा पाय बरा होईल ना? होईल, रेणुका म्हणाली, मलम लावलं की होतो.

बस उभी होती. मिस लॉसननी मुलांना रांगेत उभं केलं आणि एकेकाने हात मिळवून आभार मानायचे असं ठरलं. मॅडी रांगेत शिरली, पण तिने कुणाला काही सांगितलेलं दिसलं नाही. रेणुका सगळ्यांच्या शेवटी.

ओवेन पहिला. मी जाकिटाला हात पुसून पुढे केला.

"थँक्यू, बेअर."

"भैरू," मी म्हणालो.

त्याला कळलं नाही.

"माझं नाव बेअर नाही. भैरू. म्हणून बघ."

तो बायरू म्हणाला. मी नाही म्हणालो. तो बेरू म्हणाला. मी पुन्हा नाही म्हणालो, आणि या वेळी मी हसत नव्हतो, त्यामुळे मागची रांगही गप्प झाली. तिसऱ्यांदा त्याने बऱ्यापैकी जमवलं आणि मी त्याचा हात हलवला. मग प्रत्येकाने म्हणून बघितलं. मिस लॉसन तर लाल झाल्या आणि मला आधी कुणी सांगितलं नाही म्हणाल्या. मी म्हणालो, मीच सांगितलं नव्हतं. मॅडीला पहिल्या झटक्यात आलं. तिने माझ्याकडे आणि मग मागे रेणुकाकडे पाहिलं, आणि खाली बघत बसमध्ये चढली. तोवर बसच्या खिडक्या तोंडांनी भरल्या होत्या.

शेवटी रेणुका माझ्यापुढे आली. मी जाकिटाला हात पुसायला लागलो.

"पुसू नगासा," ती म्हणाली, आणि तिने माझा हात धरला. या वेळी बोटांची टोकं नाहीत, सगळा पंजा.

मग तिने टाचा जुळवल्या आणि मान वर केली.

"रेणुका भैरू गावडे," ती म्हणाली. पार बसच्या मागच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तिचा हात माझ्या हातात होता, लालभडक झालेला, बर्फासारखा गार. मी खिशातले माझे हातमोजे काढून तिच्या हातांत चढवले. तिला ते कोपरापर्यंत आले.

"हातमोजे कुठायत गं तुझे?" मी ओरडलो. सकाळपासून विचारायचं राहिलं होतं.